दुसरी गाडी मागून येतेय

स्कूटरचं चाक बसलं आणि आभाळ फुटलं, दोन्ही एकाच वेळी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा, फक्त इथे दुष्काळाच्या जागी धो धो पाऊस होता.

पंक्चरवाल्या काकांनी चाक काढून घेतलं. "बसा बाई आत," असं म्हणालेही ते, पण आत जेवढी जागा होती तेवढी टायरांनी आधीच अडवलेली. मग ती पर्स डोक्यावर धरून जी धावत सुटली ती शेजारच्या आवारात शिरली. तिथे एक ताडपत्री ताणून बांधली होती आणि तिच्याखाली काहीतरी भलंमोठं, तपकिरी, नाक पुढे काढलेलं उभं होतं. जुनी लॉरी! तिनं केस झटकले, ओढणी पिळली आणि त्या धुडाकडे कौतुकानं बघत मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई... केवढी म्हातारी आहेस तू!"

"पाय उचला," म्हातारी म्हणाली.

म्हातारीचा आवाज चांगलाच पुरुषी होता. ती दचकून मागे सरली.

"पाना आहे माझा. तुमच्या पायाखाली."

लॉरीच्या पोटाखालून आधी एक काळाकुट्ट हात आला, त्यानं पाना उचलला, आणि मग त्या हाताच्या मागोमाग एक तरुण सरपटत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, केसांत भुसा, आणि डोळे मात्र आत्ताच कुणीतरी धुऊन दिल्यासारखे स्वच्छ. तिनं त्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आपण पाहतोय हे लक्षात आलं, म्हणून तिनं जे तिला नेहमी जमतं तेच केलं. प्रश्न विचारले.

"ही लॉरी तुमची?"

"हो."

"चालते?"

"चालेल."

"किती जुनी?"

"माझ्याहून जुनी."

"तुम्ही मेकॅनिक?"

"बॉडीबिल्डर."

तिनं त्याच्या दंडांकडे पाहिलं. दंड तसे बेताचेच होते. "वाटत नाही तसं..."

"लॉरीच्या बॉड्या बांधतो," तो शांतपणे म्हणाला. "लाकडी. फळ्या, मागचा फाळका, टप, सगळं." आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. तेवढंच. पण तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"फार प्रश्न विचारता तुम्ही," तो म्हणाला.

"पोटासाठी विचारते! रेडिओवर आहे मी. जुन्या लॉऱ्या, माल वाहणाऱ्या जुन्या कंपन्या... लोकांच्या आठवणी गोळा करते. दर रविवारी सकाळी कार्यक्रम असतो. ऐकता?"

"नाही."

स्पष्टवक्तेपणाची हद्द होती. पण पाऊस थांबत नव्हता आणि तिला गप्प बसता येत नव्हतं, म्हणून तिनं त्याला सगळा कार्यक्रमच ऐकवला. एक कंपनी नुसत्या काचा न्यायची. तिच्या लॉऱ्या इतक्या सावकाश जायच्या, की रस्त्यात बसलेल्या कोंबड्या उठायचे कष्टही घेत नसत. एका कंपनीचे झाडून सगळे ड्रायव्हर मालकाचे जावई. मालक म्हणायचा, ज्याच्या हातात मुलगी दिली त्याच्या हातात लॉरी द्यायला कसली भीती? तो ऐकत होता. हातातला पाना पुसत होता, पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होता.

"सगळ्या सापडल्या," ती म्हणाली, "पण एक काही सापडत नाही. जोडगाडी. याच रस्त्यावरची. म्हणतात, त्यांच्या दोनच लॉऱ्या होत्या, एक हिरवी आणि एक निळी..."

पाना पुसणारा हात थांबला.

"ही त्यातलीच," तो म्हणाला. "माझ्या आजोबांची. ते मी जन्मायच्या आधीच गेले. ही मला एका वीटभट्टीवर मिळाली."

आता सांगा, चाक पंक्चर व्हायचं ते कुठं झालं! तिला तर त्या पंक्चरच्या खिळ्याची दृष्ट काढावीशी वाटली.

"मग ही कुठली? हिरवी की निळी?"

"माहीत नाही. वर भट्टीवाल्याचा तपकिरी आहे. त्याच्याखाली आणखी कुणाकुणाचे रंग. खरवडल्यावर कळेल."

"मग खरवडा ना!"

"आधी चासी. मग बॉडी. रंग शेवटी." आणि तिच्याकडे न बघता त्यानं पुढे जोडलं, "सावकाश."

सावकाश हा शब्द तिनं जन्मात कधी पाळला नव्हता. पण स्कूटरचं चाक लागलं, पाऊस थांबला, तरी ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डर घेऊन हजर. आधी पंक्चरवाले काका गाठले, कारण ते या रस्त्याच्या कडेलाच म्हातारे झाले होते.

"जोडगाडी? वा वा! रोज बघायचो की," काका म्हणाले. "सकाळी माल घेऊन जायची ती हिरवी. संध्याकाळी यायची ती निळी. तोंडं दोन्हींची पांढरट."

"काहीतरीच काय सांगतोस!" रस्त्यापलीकडून आवाज आला. समोरच्या चहाच्या टपरीतले मामा तावातावानं गाळणं हलवत होते. "पोरी, त्याचं ऐकू नकोस. जायची ती निळी! यायची ती हिरवी!"

"तुला रंग कळतात? तुझा चहा बघ आधी, कुठल्या रंगाचा आहे तो!"

"आणि तू पंक्चर बघ, काढतोस त्याहून जास्त करतोस!"

दोघांचं हे भांडण त्यांच्या तरुणपणापासून चालू होतं म्हणे. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. ती गाडी वाटेत कधी थांबायची नाही. आणि कुणी ओरडून विचारलंच, "दुसरी कुठाय?" तर ड्रायव्हर खिडकीतून हात हलवून सांगायचा, "मागून येतेय!"

"मग यायची मागून?" तिनं विचारलं.

"यायची की. संध्याकाळी," दोघं एकदम म्हणाले, आणि एकमत झाल्याचं लक्षात येताच दोघांनीही तोंडं फिरवली.

तिला आता खाज सुटली. दुसरी लॉरी गेली कुठं? विकली, जळाली, कुणी पळवली? ती रस्त्यावरच्या प्रत्येक गोदामात, गॅरेजात, भंगारवाल्याकडे जाऊन आली. रेडिओवरून लोकांना विनंती केली. फोन आले भरपूर, पण कोणी सांगितलं हिरवी पाहिली, कोणी सांगितलं निळी पाहिली. दोन्ही एकत्र पाहिलेला माणूस काही मिळाला नाही. आणि जिथं जिथं हात हलवत परतली, तिथून ती थेट आवारात यायची. सांगायला.

खरंतर फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर भुशाचा वास येत नाही.

त्या आवाराला लागूनच त्याचं घर होतं, आजोबांच्या पश्चात घेतलेलं, आणि घरात आत्या होती. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलेलं. लॉरी भट्टीवरून आणली त्या दिवशी आत्या पदर खोचून आत चढली होती आणि लाकडी सीटच्या कडेवरचा दातांचा ठसा दाखवून म्हणाली होती, "आपलीच! हे माझे दुधाचे दात." त्यानं मान डोलावली आणि कामाला लागला होता. बस, एवढंच.

तिनं अर्थातच आत्याला रेकॉर्डरसमोर बसवलं. "आत्या, दुसरी गाडी कुठे गेली हो?"

"मागून येतेय," आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग पाणी प्याली आणि म्हणाली, "ते राहू दे. तुझं वय काय गं? घरी कोणकोण असतं? स्वयंपाक येतो का नाही? नसला येत तरी चालेल, याला येतो."

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर पळ काढायची वेळ आली. तिनं रेकॉर्डर उचलला आणि आवारात आली. तो रंध्यावर वाकलेला होता. मान खाली, पण कान लालभडक. सगळं ऐकलं होतं तर!

त्यानंतर ती आत्याच्या तावडीत सापडू नये म्हणून जपून असायची.

बॉडी बांधून झाली. फळ्या बसल्या, फाळका झुलायला लागला. आता दारं खरवडायची होती.

"मलाही द्या काम," ती म्हणाली. "नुसतं बसून तुम्ही काही बोलत नाही. हात चालू असले की बोलता. मी पाहिलंय."

त्यानं तिच्या हातात एक खरवडणी ठेवली. तिची मूठ नवीकोरी होती, गुळगुळीत घासलेली, आणि तिच्या हातात अशी काही बसली, जणू मोजून केली होती.

"ही... माझ्या मापाची आहे."

"हं."

"माप कधी घेतलंत?"

"पहिल्या दिवशी. पर्स धरली होतीत डोक्यावर. गाडीखालून हात दिसत होता."

एवढं बोलून तो ड्रायव्हर साइडला निघूनही गेला. ती त्या मुठीकडे बघत कितीतरी वेळ क्लीनर साइडला उभी राहिली. हा माणूस आपल्याला कधी काही विचारत नाही... आणि याला सगळं माहीत असतं. चहात साखर कमी लागते हे माहीत. पावसात डोकं दुखतं हे माहीत. तिच्या स्टुलावर रोज धुतलेलं फडकं असायचं. पण तोंडानं एक प्रश्न? नाव नको!

मग रोज संध्याकाळी तो त्या बाजूला, ती या बाजूला, आणि मध्ये लॉरीची केबिन. खिडक्यांना काचा नव्हत्या. दार खरवडायला खाली बसलं की एकमेकांचे चेहरे दिसत नसत, नुसते आवाज यायचे. चेहरा दिसत नसला की तो बोलायचा. लाकडाबद्दल बोलायचा, ओली फळी कशी रडते आणि वाळल्यावर कशी हट्टाला पेटते. एकदा म्हणाला, "लहानपणी वाटायचं, दुसरी लॉरी कुठंतरी माझी वाट बघत असेल." ती खरवडायची थांबली. इतकं एकटं वाक्य तिनं रेडिओवर कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, उठावं, फिरून त्या बाजूला जावं आणि... पण ती उठली नाही.

घरी आई म्हणायची, "एवढी घासाघीस घरच्या भांड्यांची केली असतीस तर त्यात तोंड दिसलं असतं!"

आणि अशात एक दिवस ऑफिसात साहेबांनी तिला बोलावलं. मोठ्या केंद्रावर तिची नेमणूक झाली होती. हाच रस्ता जिथं संपतो, जिथं जोडगाडी आपला माल उतरवायची, त्याच शहरात. हे काम मिळावं म्हणून तिनं कितीतरी वर्षं जीव टाकला होता. महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. साहेब म्हणाले, "तुझी ती लॉरीची मालिका तेवढी संपव. शेवटच्या भागात दुसऱ्या गाडीचं काय झालं ते सांगून टाक."

तिला आनंदानं नाचायला हवं होतं. ती जिन्यात जाऊन बसली.

त्या संध्याकाळी ती आवारात आली ती मनाशी ठरवूनच. आज त्यानं आपल्याला काहीही विचारलं... अगदी "आज उशीर का?" एवढं जरी विचारलं, तरी सगळं सांगून टाकायचं. नेमणुकीचं, जिन्याचं, सगळं. नाही विचारलं तर? तर मग आपलं आपण समजायचं. ज्या माणसाला आपल्याबद्दल काही जाणून घ्यायचं नसतं, त्याच्या दारात किती दिवस बसायचं?

तो म्हणाला, "या." आणि पलीकडच्या बाजूला गेला.

ती खाली बसली आणि सगळा राग त्या दारावर काढायला लागली. तपकिरी रंग उडाला. त्याखालचा पिवळा उडाला. त्याखालचा कुठला तरी राखाडी निघाला, आणि मग... पावसानंतर आभाळ उघडावं तसा रंगाचा एक तुकडा तिच्यासमोर उघडला.

"निळा!" ती ओरडली. "निळी आहे! ऐकलंत? ही निळी गाडी आहे!"

पलीकडे खरवडणी थांबली. "नाही," तो म्हणाला. "हिरवी आहे."

"निळी!"

"हिरवी. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"माझ्याही डोळ्यांसमोरच आहे! मला काय रंग कळत नाहीत?"

"हिरवी."

"अरे, काय माणूस आहेस तू! एक शब्द कधी जास्त बोलायचा नाही आणि बोलायचा तो चुकीचा! इकडे ये आणि बघ!"

तिनं त्याला 'तू' म्हटलं होतं. पहिल्यांदाच... आणि तेही ओरडून. तिनं जीभ चावली.

मग पलीकडून आवाज आला, अगदी हळू. "तू इकडे ये."

दोघंही एकदमच उठली आणि दोघंही निघाली. तो बॉनेटकडून आला, ती फाळक्याकडून गेली, त्यामुळे चुकामूक झाली. तो तिच्या जागी पोचला, ती त्याच्या जागी. आणि दोघांनी आपापल्या समोरच्या दाराकडे पाहिलं.

"अगं आई गं..." ती म्हणाली. तिच्यासमोर हिरवा होता.

खिडकीतून पलीकडे त्याचा चेहरा दिसला. तो निळ्याकडे बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. इतके दिवस एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी वेगवेगळी गाडी पाहिली होती. पंक्चरवाल्या काकांसारखी आणि चहावाल्या मामांसारखीच.

"दोन गाड्या नव्हत्याच," तो म्हणाला.

"एकच होती! जाताना एक बाजू दिसायची, येताना दुसरी. म्हणून तर काकांची उलटी आणि मामांची सुलटी... दोघंही खरंच बोलत होते!" ती हसायला लागली, तोही हसला. त्याला असं मोकळं हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि हसता हसताच ती थांबली. संपलं की! दुसरी गाडी सापडली. आता उद्या इथं यायला कारण कुठलं?

"सापडलं वाटतं एकदाचं," मागून आत्या म्हणाली. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद, वास्तविक चोर ती स्वतःच होती.

"आत्या! तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत नसेल तर कुणाला? माझ्या डोळ्यांसमोर रंगवली. बाबांना हवी हिरवी, आईला हवी निळी. दोघंही हट्टाचे मेरुमणी. रंगारी बिचारा डबे उघडून ओट्यावर ताटकळत बसलेला. शेवटी आई म्हणाली, तुम्ही बसता ती बाजू तुमची, मी बसते ती माझी. झालं! समोरचा पांढरट रंग रंगाऱ्यानं आपल्या मनानं दिला, त्याला घरी जायचं होतं."

"आजी बरोबर जायची?" ती म्हणाली.

"तर! रोज. बाबा गाडी चालवायचे, आई मांडीवर डबा घेऊन शेजारी. म्हणून तर वाटेत थांबायला नको. लोकांना वाटायला लागलं दोन गाड्या आहेत. व्यापारी म्हणायचे, पार्टी भक्कम आहे. बाबा कधी खोटं बोलले नाहीत हो. मागून येतेय म्हणायचे, आणि यायचीच की ती संध्याकाळी!"

"पण कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"रस्त्यावर कोण गाडीला प्रदक्षिणा घालतंय?"

तो इतका वेळ आत्याकडे बघत होता. "तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी?" आत्या कडाडली. "तुला विचारायचं जिवावर येतं. लहानपणी भूक लागली तरी विचारायचा नाहीस, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचास नुसता. आणि हिनं विचारलं, तर म्हटलं, थांबा जरा. सांगून टाकलं असतं तर ही दुसऱ्या दिवशी आली असती का इथं?"

ती लाजून खाली बघायला लागली. आणि खाली बघताना तिच्या मनात एक लख्ख प्रश्न उभा राहिला. तिनं मान वर केली. "एक मिनिट. पहिल्याच दिवशी खिळ्यानं एक ओरखडा काढला असता, तरी रंग कळला असता ना रे?"

त्याचे कान बोलले. लाल, लालभडक!

"या घरात सगळे एकाच माळेचे मणी आहेत," ती म्हणाली.

"चहा निवतोय," असं म्हणून आत्या कप ठेवून आत गेली. दार मात्र तिनं लावून घेतलं नाही, किलकिलं ठेवलं.

मग तिनंच सांगून टाकलं. त्याच्या प्रश्नाची वाट न पाहता. नेमणुकीचं, रस्त्याच्या त्या टोकाचं, महिनाअखेरीचं. "मला जायचंय," ती म्हणाली. "मला ते काम हवंय. आणि मला जाववत नाहीये. आणि तू... तू मला कधी काही म्हणजे काहीच विचारत नाहीस. मी कोण, कुठली, मला काय हवं, कशाचं वाईट वाटतं... काही नाही! मी इथं येते ते तुला बरं वाटतं की तुझी लॉरी फुकटात खरवडून होते म्हणून चालतं, हेही मला कळत नाही." तिनं ओढणीनं नाक पुसलं. राग आला तिला आपलाच.

तो नुसता उभा राहिला, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं तसा. हातातली खरवडणी त्यानं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. मग खाली ठेवून दिली.

"तुझं सामान," तो म्हणाला आणि अडखळला. "तुझं सामान कोण नेणार?"

तिला आधी कळलंच नाही.

"म्हणजे... तिकडे. कोण नेणार?"

"तू विचारलंस," ती पुटपुटली.

"मी नेऊ?"

तिनं मान हलवली. हो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दर आठवड्याला तिकडे माल घेऊन आलो तर... भेटशील?" आता बांध फुटल्यासारखं झालं होतं. "चहात साखर अजून कमी टाकू का? पावसात डोकं का दुखतं तुझं? तुझी आई मला घरात घेईल? मला तू फार आवडतेस. हे विचारत नाही, सांगतोय. विचारायचं ते हे, की माझ्याशी लग्न करशील का?"

"अरे, सावकाश!" ती रडता रडता हसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द निघाला असेल. "एकेक विचार ना!"

"कधीचे साठले होते," तो म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी त्याचा काळाकुट्ट हात धरला. "सामान तू ने. दर आठवड्याला भेटेन. साखर आहे तेवढी ठीक. आईला मी बघते. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर..." ती थांबली. त्याला थोडं तरी ताटकळत ठेवायला नको का? "हो. हो रे, हो."

किलकिल्या दाराआड कुणालातरी ठसका लागला.

शेवटच्या भागात तिनं रेडिओवर सगळ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगितल्या, काचांची, जावयांची. जोडगाडीबद्दल एवढंच म्हणाली, की दुसरी गाडी आहे, सुखरूप आहे आणि लवकरच रस्त्यावर दिसेल. आत्यानं बजावलं होतं, धंद्याचं गुपित आहे, बाहेर फोडायचं नाही. साहेब चिडले, पण त्यांनाही जाणून घ्यायची उत्सुकता लागून राहिली, त्यामुळे कार्यक्रम चांगला झाला असंच सगळे म्हणाले.

रंग चढेपर्यंत ताडपत्री चारी बाजूंनी सोडलेली होती. समोरच्या भागाला पांढरट रंग देताना दोघांचं अजिबात भांडण झालं नाही, याचंच आत्याला नवल वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी आई आली होती, मुलीची ट्रंक आणि गादी चढवताना होणाऱ्या जावयाकडे चष्म्यातून वरखाली बघत. आत्यानं तिला बाजूला घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर आईचा नाइलाज झाला. इकडे मुलगी वर चढली, क्लीनर साइडला, आपल्या बाजूला. सीटच्या कडेवर दुधाच्या दातांचा ठसा होता. मांडीवर डबा होता.

"बसलीस नीट?" त्यानं विचारलं. हल्ली तो उठताबसता काही ना काही विचारायचा.

"बसले."

लॉरी खोकली, थरथरली आणि आवाराच्या फाटकातून बाहेर पडली. वळून रस्त्याला लागली. सकाळचं कोवळं ऊन होतं, रात्रीच्या पावसानं धुतलेला रस्ता चकाकत होता.

"हिरवी!" पंक्चरवाले काका टायर टाकून उठले. "बघ रे बघ! जाणारी हिरवी! मी काय सांगत होतो?"

"आंधळ्या!" टपरीतून मामा बाहेर धावले, हातात गाळणं तसंच. "निळी आहे ती, निळी! चष्मा लाव चष्मा!"

"हिरवी!"

"निळी!"

मामांना तेवढ्यात काहीतरी आठवलं. भांडण अर्ध्यावर टाकून ते गाडीबरोबर चार पावलं पळाले आणि तोंडाभोवती हात धरून ओरडले, "अहो! दुसरी कुठाय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा हलत होता. तिचे डोळे भरून आले, पण ती खिडकीतून पार कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि जोरात हात हलवून म्हणाली,

"येतेय, मामा! मागून येतेय!"